देवळालीचा ताप, मोहाचे फूल आणि बिअरचा पेला

१

डोके फिरलेल्या माणसासाठी इंग्रजी बोलीत ‘डूलाली’ असा एक शब्द आहे. तो कोशांत सापडतो आणि विनोदी लेखनातही भेटतो. तो उच्चारणाऱ्या फार थोड्या इंग्रजांना ठाऊक असते की हे मुळात एका गावाचे नाव आहे. ते गाव म्हणजे नाशिकजवळचे, भगूरला लागून असलेले आपले देवळाली.

१८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे वर आली आणि मुंबई बंदर व नाशिकचे पठार एकमेकांना जोडले गेले. जहाजातून उतरलेल्या गोऱ्या पलटणींना दमट मुंबईत न ठेवता घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत आणून तेथून पुढे पाठवणे सोयीचे होते. मुदत संपलेल्या सैनिकांना मायदेशी परतण्यापूर्वी येथेच थांबवले जाई. सैन्याची जहाजे मात्र वर्षातील थोडे महिनेच चालत. ज्याची मुदत अवेळी संपे, त्याला पुढच्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने काढावे लागत. कवायत फारशी नसे आणि लढाई तर नसेच. ऊन, हिवताप, कंटाळा आणि दारू एवढेच सोबतीला असे. या अवस्थेत माणसे विचित्र वागू लागत, आणि सोबती म्हणत, याला ‘देवळाली टॅप’ झाला. हा ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्थानी ‘तप’, आपला ‘ताप’. फ्रँक रिचर्ड्‌स या साध्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या आठवणींच्या पुस्तकात या तापाची माहिती दिली आहे. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि गावाचे नाव तेवढे वेडाचे नाव म्हणून उरले. १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीने दाखवलेल्या ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेची सुरुवातही देवळालीच्या छावणीतच होते.

हा शब्द २००९ साली महाराष्ट्रात परतला. राज्यातील पहिली छोटी बिअरभट्टी (आजच्या भाषेत मायक्रोब्रूअरी) पुण्यात सुरू झाली आणि तिच्या चालकांनी तिचे नाव ठेवले ‘डूलाली’. नाशिकचे एक ग्रामनाम सैनिकांच्या तोंडी बिघडले, विलायतेला गेले, वेडाचा पर्याय झाले आणि शंभराहून अधिक वर्षांनी बिअरच्या पेल्यावर छापले जाऊन पुण्यात उतरले. शब्दांच्या प्रवासाचे इतके नीटस उदाहरण भाषेच्या अभ्यासकाला सहसा मिळत नाही.

आम्हाला या लेखात त्या शब्दापेक्षा त्यामागच्या पेयाचा मागोवा घ्यायचा आहे. धान्य, फूल वा फळ घरी आंबवून पेय तयार करणे ही नाशिकच्या परिसरात फार जुनी गोष्ट आहे. मग ‘हस्तकौशल्याची बिअर’ या नावाने ती आपल्याकडे परदेशातून नव्याने का यावी लागली? आणि जी आधीपासून येथे होती, तिचे काय झाले? या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे, असे आम्हाला वाटते.

२

कंपनी सरकारच्या काळात बिअर जहाजानेच येई. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनजवळच्या बो येथील हॉजसनच्या कारखान्याची फिकी बिअर हिंदुस्थानात येऊ लागली. १८२२ च्या सुमारास बर्टन गावच्या ऑलसपने या व्यापारात उडी घेतली आणि ‘इंडिया पेल एल’ हा प्रकार रूढ झाला. या नावातील ‘इंडिया’ने आपण फार सुखावून जाण्याचे कारण नाही. ती बिअर येथे तयार होत नव्हती, येथील माणसांसाठीही नव्हती. इतकेच काय, ती साध्या गोऱ्या शिपायासाठीही नव्हती. फिकी बिअर साहेबांची आणि अधिकाऱ्यांची, तर शिपायासाठी काळी ‘पोर्टर’, असा सर्वसाधारण भेद होता. पेल्यातील वर्गव्यवस्था पेयाच्या रंगावरून ओळखता येत होती.

पुढे डोंगराळ, थंड प्रदेशात येथेच बिअर बनवण्याचा उद्योग सुरू झाला. १८५५ च्या सुमारास एडवर्ड डायर याने कसौलीला कारखाना काढला. जालियनवाला बागेतील जनरल डायर हा त्याचा मुलगा. सैनिकांनी बाजारातील देशी दारूच्या नादी लागण्यापेक्षा बिअर प्यावी, असे लष्करी अधिकाऱ्यांचे मत असे. कारण उघड होते. बिअर सौम्य आणि मापाने देता येणारी, तर देशी दारू तीव्र आणि नियंत्रणाबाहेरची. ‘त्यांचे मद्य’ आणि ‘आपले मद्य’ यांत सभ्यतेची पायरी कल्पिण्याची सवय अशी छावणीपासून सुरू होते. ती पुढे कायद्यात उतरली आणि आज आपल्या सुशिक्षित मनातही ती शाबूत आहे.

३

येथे थोडे थांबून, बिअर म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहणे आवश्यक आहे; कारण साहित्याच्या वर्गात मद्य बहुधा प्रतीक म्हणूनच येते, पदार्थ म्हणून नाही.

जव भिजवून त्याला मोड आणायचे. मटकीला आणतो तसेच. मोड आले की ते वाळवून, भाजून भरडायचे. ही भरड ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर मुरवली की मोडांतील द्रव्यांमुळे पिठाची साखर होते. निथळलेला गोड काढा हॉपच्या फुलांबरोबर तासभर उकळायचा. हॉपमुळे कडवटपणा येतो आणि पेय टिकते. मग तो गार करून त्यात किण्व, म्हणजे यीस्ट, सोडायचे. पुढचे काम ते सूक्ष्म जीव करतात. साखरेचे मद्य व वायू होतो आणि एक-दोन आठवड्यांत बिअर तयार होते. दही विरजणाऱ्या, इडलीचे पीठ आंबवणाऱ्या, आंबील करणाऱ्या स्वयंपाकघराला यातील कोणतीही क्रिया परकी नाही. परके आहे ते हॉपचे फूल.

बेल्जियन बिअर तर आपल्याला आणखीच जवळची वाटावी. तेथील ‘विट’ म्हणजे पांढऱ्या बिअरमध्ये मोड आणलेल्या जवाच्या जोडीला कच्चा गहू असतो, आणि स्वादासाठी चक्क धने व संत्र्याची वाळलेली साल घालतात. चाखणाऱ्याने प्रथम तिचा दुधाळ गढूळपणा पाहावा, मग फेस बसण्यापूर्वी वास घ्यावा. धन्यांचा आणि सालीचा सुगंध वेगळा ओळखू येतो. त्यामागे लवंगेसारखी जी छटा येते ती मात्र मसाल्याची नसते, किण्वाचीच असते. हा प्रकार एकदा जवळजवळ नामशेष झाला होता. हूगार्डन या गावातील अशा बिअरचा शेवटचा कारखाना १९५० च्या दशकात बंद पडला. तरुणपणी तेथे मदतीला जाणाऱ्या पिएर सेलिस नावाच्या गवळ्याने १९६० च्या दशकात ती पुन्हा करून पाहिली आणि आज ती जगभर पोचली आहे. २०१५ साली आपल्याकडे गाजलेली ‘बिरा ९१’ ही गव्हाची बिअर सुरुवातीला बेल्जियममध्येच तयार होऊन येत होती. म्हणजे धने घातलेले पेय धन्यांच्या देशात जहाजाने आले!

बेल्जियमचे आणखी दोन प्रकार ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला ‘ट्रॅपिस्ट’ मठांचा. वेस्टमाल, ओर्व्हाल, शिमे यांसारख्या ख्रिस्ती मठांच्या आवारात, संन्याशांच्या देखरेखीखाली ही बिअर होते आणि मिळकत मठाच्या निर्वाहाला व दानधर्माला जाते. धर्म आणि मद्य यांचे वैर सार्वत्रिक नाही, एवढे यावरून कळावे. दुसरा प्रकार ब्रुसेल्सच्या आसपासच्या ‘लांबिक’चा. यात किण्व वेगळे घालतच नाहीत. गरम काढा उथळ भांड्यांत रात्रभर उघडा ठेवतात आणि हवेतील जीवच तो आंबवतात. आपल्याकडे माडावरून वा ताडावरून उतरवलेल्या नीरेची ऊन चढताच जशी ताडी होते, तशीच ही क्रिया. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. नीरेच्या मडक्यात आणि लांबिकच्या भांड्यात निसर्ग एकच काम करतो. एकाला वारशाचे प्रमाणपत्र मिळाले आणि दुसऱ्यामागे अबकारीचा शिपाई लागला.

४

हा शिपाई कधीपासून मागे लागला, हे पाहण्यासाठी आपल्याच वाङ्‌मयाकडे वळू.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत सातवाहनांचे शिलालेख आहेत. त्याच घराण्यातील हाल राजाच्या नावाशी जोडलेली ‘गाथासप्तशती’ ही महाराष्ट्री प्राकृतातील आपली सर्वांत जुनी काव्यठेव. तिच्यात एक गाथा अशी आहे, की गोदावरीच्या काठावरील दाट झाडीत उभ्या असलेल्या, फुलांच्या भाराने फांद्या जमिनीला टेकलेल्या मोहाच्या वृक्षाला एक स्त्री विनवते: बाबा रे, जरा सावकाश गळ. अर्थ रसिकांना सांगायला नको. फुले वेचण्याचे निमित्त आहे तोवरच तिला त्या झाडीत जाता येते. बहर संपला की भेटही संपली. या गाथेत मद्याचा उल्लेख नाही, आणि तो ओढूनताणून आणण्याची गरजही नाही. तिच्यावरून एवढे मात्र नक्की होते, की गोदाकाठी मोहफुले वेचणे ही बाईमाणसाच्या रोजच्या जगण्यातील, कुणालाही संशय न येणारी गोष्ट होती. तसे नसते, तर ते निमित्त म्हणून चालले नसते.

कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ मद्याकडे कवीच्या नव्हे तर करवसुली करणाऱ्याच्या नजरेने पाहते. सुराध्यक्ष हा अधिकारी, मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु हे प्रकार, त्यांची प्रमाणे, पानगृहांची व्यवस्था आणि दंड, सारे काही तेथे आहे. राज्याची मक्तेदारी आहे, नियंत्रण कडक आहे. तरीही त्यात एक महत्त्वाचा अपवाद आढळतो. गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे. उत्सव, मेळे आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवस मद्य करण्याची सवलत आहे. किण्वाचे साहित्य निवडण्याचे काम स्त्रिया व मुले यांच्याकडे सोपवले आहे. इतक्या कठोर ग्रंथानेही घराच्या उंबरठ्याशी थोडी जागा मोकळी सोडली होती. विक्रीचे मद्य हा राजाचा विषय, घरच्या कार्याचे मद्य हा घराचा विषय, असा हा विवेक होता.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ आणि सुरगाण्याच्या डोंगरांत, कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांत तो विवेक ग्रंथाविनाच टिकून होता. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचून उन्हात वाळवतात. टंचाईच्या दिवसांत ती अन्न असतात, बियांचे तेल निघते, आणि फुले भिजवून, आंबवून, मडक्यांच्या भट्टीवर ऊर्ध्वपातन केले की दारू होते. लग्न, मयत, देवाचे कार्य, पाहुणा यांपैकी कोणताही प्रसंग तिच्यावाचून पुरा होत नसे. बिअर केवळ आंबवलेली असते आणि मोहाची दारू त्यापुढे जाऊन वाफेतून गाळलेली, म्हणून अधिक तीव्र असते. हा फरक आम्ही नजरेआड करीत नाही. पण हाताने, घरी, आपल्या परिसरातील द्रव्यापासून आणि अनुभवाच्या मापाने पेय करणे हीच जर ‘क्राफ्ट’ची व्याख्या असेल, तर ती येथे आधीपासून लागू होती.

५

‘आबकारी’ हा फारसी शब्द. ‘आब’ म्हणजे पाणी. ब्रिटिश राजवटीत या शब्दाला वसुलीचे दात फुटले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती सरकारच्या परवान्याखाली आणली. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मोजक्या मोठ्या भट्ट्यांतून दारू काढायची, तिच्यावर चढे शुल्क लावायचे आणि ठेकेदाराच्या दुकानातून विकायची, असे हे धोरण होते. त्यामुळे घरची दारू एका दिवसात चोरटी ठरली. पुढे १८९२ मध्ये ‘म्होवरा कायदा’ आला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांच्या साठ्यावर व विक्रीवरच बंधने घालण्यात आली. म्हणजे दारू तर सोडाच, पण फूलही संशयित झाले. गाथेतील त्या स्त्रीचे निरुपद्रवी निमित्त आता गुन्ह्याचा पुरावा होऊ शकत होते.

सरकारच्या बाजूने नैतिकतेची भाषा बोलली जाई. पण तिजोरीतील अबकारीचा वाटा फुगत होता आणि दारूची दुकाने वाढत होती. याच विसंगतीवर जोतीराव फुले यांनी बोट ठेवले. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी पत्र लिहून शहरातील दारूच्या दुकानांना विरोध केला होता. मद्यविरोध म्हणजे केवळ ब्राह्मणी सोवळेपणा, असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये.

१९२२ साली एक विलक्षण घटना घडली. किनारपट्टीच्या कोळ्यांपासून सुरू झालेले ‘देवी’चे वारे डोंगर चढून सुरगाण्यासारख्या, तेव्हा संस्थान असलेल्या आणि आज नाशिक जिल्ह्याचा तालुका असलेल्या, भागातून दक्षिण गुजरातेत पोचले. अंगात आलेली देवी सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारशी दारूवाल्याकडे मजुरी करू नका. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर १९८७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात दाखवले आहे, की हे वरवर धार्मिक वाटणारे व्रत प्रत्यक्षात ठेकेदार आणि सावकार यांच्या जाचाविरुद्धचे बंड होते. घरची दारू कायद्याने काढून घेतली आणि तिच्या जागी दुकानाची, उधारीची, जमीन गिळणारी दारू आणली. तेव्हा ती नाकारणे हाच स्वाभिमानाचा मार्ग उरला. आदिवासींनी दारू पिणे आणि आदिवासींनी दारू सोडणे या दोन्हींचा अर्थ त्या एका कायद्याच्या संदर्भात बदलून गेला होता.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. मराठी मध्यमवर्गाच्या मनातील मद्याचे चित्र त्या नाटकाने कायमचे रंगवले, आणि ते चित्र खोटे नव्हे. सिंधूची शोकांतिका आजही घराघरांत घडते. परंतु सुधाकरच्या प्याल्यातील दारू ही दुकानातून आलेली, शहरातील एकट्या पुरुषाची दारू आहे. मडक्याभोवती बसलेल्या पाड्याचे मद्य त्या नाटकाच्या कक्षेत नाही. आमच्या अभ्यासक्रमांनी मात्र एका प्याल्यावरून साऱ्या मद्यांचा निकाल लावला.

६

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मद्यबंदी हे राज्याच्या धोरणाचे एक मार्गदर्शक तत्त्व ठरवले आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. एफ. एन. बलसारा यांनी त्याला आव्हान दिले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. कायद्याचा मोठा भाग टिकला. पण त्या निकालातील तीन गोष्टी आमच्या वाचकांनी आवर्जून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने यांवरील बंदी न्यायालयाने रद्द केली. कौटिल्याच्या अरिष्टाला मिळालेली सूट अशी दोन हजार वर्षांनी पुन्हा मिळाली. दुसरी गोष्ट, मद्याची प्रशंसा करणे हासुद्धा या कायद्याने गुन्हा ठरवला होता. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कसोटीवर न्यायालयाने तो भाग अवैध ठरवला. माधव ज्यूलियन यांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या होत्या, बच्चन यांची ‘मधुशाला’ १९३५ पासून गाजत होती. ते कलम टिकते, तर अशा कवितेच्या वाचनाचे काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. तिसरी गोष्ट, सैनिकी भोजनगृहे व कँटीन यांना सूट देण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने वैध मानला.

या तिसऱ्या मुद्द्याचा नाशिक जिल्ह्यातील अर्थ असा, की देवळालीच्या छावणीतील पेल्याला कायद्यात जागा होती आणि त्याच जिल्ह्यातील पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरील मडक्याला ती नव्हती. छावणीला सूट देण्याची कारणे असतील. आमचा आक्षेप त्या सुटीला नाही. पण अपवाद करायचेच ठरल्यावर कोणाचे पिणे अपवादास पात्र आणि कोणाचे नाही, याचे उत्तर कायद्याने बिनचूकपणे तेच दिले, जे ब्रिटिश छावणीने दिले होते.

पुढे बंदी सैल झाली. महाराष्ट्रात आजही मद्यपानासाठी कागदोपत्री परवाना लागतो, पण व्यवहारात दुकाने भरलेली असतात. घरी मद्य तयार करण्याचा नियम मात्र सैल झाला नाही. परवान्याविना कोणतेही मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. घरच्या चार माणसांसाठी केलेल्या बिअरलाही त्यात वेगळी जागा नाही. म्हणून नाशिकच्या एखाद्या हौशी तरुणाने बेल्जियन किण्व मागवून घरी पांढरी बिअर केली, तर कायद्याच्या दृष्टीने तो आणि मोहाची भट्टी लावणारी पाड्यावरची म्हातारी एकाच रांगेत उभे राहतात. फरक एवढाच, की धाड कोणाच्या घरी पडते हे आपण सर्व जाणतो.

७

इतरत्र काय झाले? इंग्लंडमध्ये १८८० पासून घरी बिअर करणाऱ्याला परवाना घ्यावा लागे. १९६३ मध्ये ती अट रद्द झाली. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि एकाहून अधिक प्रौढांच्या कुटुंबाला २०० गॅलन बिअर घरच्यासाठी करण्याची, विक्री न करण्याच्या अटीवर, मोकळीक मिळाली. आज जिला ‘क्राफ्ट बिअर’ची चळवळ म्हणतात, ती बरीचशी या घरगुती भांड्यांतून उगवली. स्वयंपाकघरात चुकतमाकत शिकलेल्या माणसांनी पुढे लहान कारखाने काढले. आपल्याकडे क्रम उलटा झाला. येथे स्वयंपाकघर बंद राहिले आणि चळवळ परवान्याच्या दारातून, भांडवल घेऊन, मोठ्या शहरात उतरली. ती वाईट आहे असे नव्हे. तिची बिअर उत्तम असते. पण तिला पूर्वज नाहीत. म्हणूनच तिला नाव शोधताना इंग्रजी बोलीतील ‘डूलाली’पाशी जावे लागले असावे.

नाशिकमध्ये याच काळात आणखी एक घटना घडली. राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून अबकारी शुल्कात सवलती दिल्या. विंचूरला वाइन पार्क झाले. द्राक्षबागाईतदाराला त्याचा उपयोग झाला आणि नाशिकला नवी ओळख मिळाली. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा वाइनला दारू म्हणावे की नाही, यावर राज्यभर वाद पेटला. आम्हाला त्या वादात एक भाषिक सत्य दिसले. द्राक्षापासून झालेले मद्य ‘शेतकऱ्याचे उत्पादन’ या नावाने ओळखले जाऊ शकते. मोहापासून झालेले मद्य ‘गावठी’ आणि ‘हातभट्टी’ या नावांतून सुटत नाही. ‘हातभट्टी’ या शब्दाचे इंग्रजी भाषांतर करायला गेले, तर ते ‘क्राफ्ट’च्या फार जवळ जाते, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हातभट्टीची भीती निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. पण ते बळी मिथेनॉल या औद्योगिक रसायनाचे होते. मोहाच्या फुलाचे नव्हेत. चोरट्या बाजारात स्वस्ताईसाठी जे मिसळले जाते, त्याचा दोष परंपरागत कृतीच्या माथी मारणे योग्य नाही. तसेच, १९७२ च्या सुमारास शहादा परिसरात भिल्ल स्त्रियांनी दारूची मडकी फोडत गावोगाव मोर्चे काढले. त्या मडक्यांमागे नवऱ्याचा मार आणि रिकामी चूल होती. मोहाची गोडी गाणाऱ्या कोणत्याही लेखाला या स्त्रियांना ओलांडून जाता येणार नाही, आम्हालाही नाही.

म्हणून आमचे म्हणणे मर्यादित आहे. दारू चांगली की वाईट, हा प्रश्न आम्ही सोडवू शकत नाही. पण ज्या समाजाला ती ठरवायची आहे त्याने स्वतः ठरवावी, एवढे म्हणता येते. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार देऊ केला आहे, आणि पेठ व सुरगाणा हे तालुके त्या क्षेत्रात येतात. शहाद्याच्या स्त्रियांचा नकार आणि कार्यप्रसंगाचे मडके या दोहोंना न्याय देऊ शकेल, अशी जागा मंत्रालयापेक्षा ग्रामसभेतच मिळण्याची शक्यता अधिक. शेजारच्या गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले आणि २०१६ मध्ये तिला वारसा-पेय म्हणून मान्यता दिली. ज्या पेयाला एकेकाळी नाक मुरडले जाई, त्याबद्दल आता चव, वास आणि हंगाम यांच्या भाषेत बोलले जाते.

भाषेच्या शिक्षकांचे काम येथेच सुरू होते. बिअर चाखणारा तिच्यातील धने, लवंग, संत्रे वेगवेगळे ओळखून सांगतो. मोहाच्या पेयाबद्दल आपल्या प्रमाण मराठीत ‘उग्र दर्प’ या दोन शब्दांपलीकडे काहीही लिहिलेले सापडत नाही. पाड्यावरच्या कोकणा आणि वारली बोलींत फुलांच्या वाळण्याचे, आंबण्याच्या दिवसांचे, पहिल्या आणि शेवटच्या धारेचे शब्द असणारच. ते शब्द गोळा करणे हा गुन्हा नाही. ‘गाथासप्तशती’ शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना चैत्राच्या पहाटे सुरगाण्याच्या बाजूला न्यावे, वेचणाऱ्या बायांशी बोलू द्यावे आणि ऐकलेले शब्द वहीत उतरवून घ्यायला सांगावे. देवळालीचे नाव इंग्रजी कोशात जाऊन बसले आहे. त्याच जिल्ह्यातील या शब्दांना निदान मराठी कोशात तरी जागा मिळावी.